उपग्रहाचा आकडा आणि सह्याद्रीचा कडा

२ मे २००० रोजी अमेरिकेने उपग्रह-संकेतांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता बंद केली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉनमध्ये वस्तूंची बादली दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग या शोधखेळाचा तो आरंभ.

वराळ्याच्या मोकळ्या शिवारात हातातील जीपीएस संच काही मीटरांपर्यंत अचूक जागा दाखवितो. विसापूरच्या कड्याखाली मात्र निम्मे आकाश झाकले जाते, संकेत खडकावर आदळून येतात व दाखविलेली जागा सरकते. पावसाळी धुक्यात एवढी चूक दरीकडे नेण्यास पुरेशी ठरते. यास्तव संच घेताना रंगीत पडद्यापेक्षा जलरोधक बांधणी व खेड्यातही मिळणारे सुटे सेल पाहावेत. निघण्यापूर्वी परतीचे ठिकाण संचात नोंदवावे. अखेरच्या काही पावलांत आकडे सोडून डोळ्यांनीच शोध घ्यावा. लोहगड-विसापूर ही संरक्षित स्मारके; तेथे डबीसाठी चिरा हलवू नये.