समुद्रावर नजर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



“अमेरिकेत तू विमानातून काय करतेस, ते आम्हां सर्वांना सांग,” असा तुमचा आग्रह झाला, म्हणून उभी राहिले आहे. विमान मी चालवीत नाही, हे आधीच सांगते. मी मागच्या खिडकीशी बसून खाली समुद्राकडे पाहते. एवढेच माझे काम, आणि त्याला पगार नाही.

तिकडे तटरक्षक दलाच्या मदतीला नागरिकांचे एक दल असते. कोस्ट गार्ड ऑक्झिलरी असे त्याचे नाव. १९३९ साली कायद्याने ते स्थापन झाले आणि १९४१ मध्ये त्याला हे नाव मिळाले. कोणी आपली होडी आणतो, कोणी स्वतःचे लहानसे विमान. हुकमावरून उड्डाण केले तर इंधनाचा खर्च मिळतो. वेळ मात्र आपल्या पदरचा. हाती शस्त्र नाही, कोणाला पकडण्याचा अधिकार नाही. तेथले नागरिकत्व घेतल्यावर मीही नाव घातले. घरच्यांना वाटले, चार दिवसांचे वेड आहे!

शिक्षण मात्र कसून घेतात. अंगावरच्या कपड्यांनिशी पोहावे लागते. खुर्चीला पट्ट्याने बांधून पाण्यात उलटे करतात आणि पट्टा सोडवून बाहेर यायला सांगतात. पहिल्या खेपेला नाकातोंडात इतके पाणी गेले की विचारू नका.

पण खरी विद्या पाहण्याची. नारळी पौर्णिमेला आपण समुद्रात नारळ सोडतो. चार लाटा गेल्या की तो दिसेनासा होतो. बुडत्या माणसाचे डोके वरून तेवढेच दिसते. वारा सुटून पाण्यावर पांढरा फेस उठला, म्हणजे प्रत्येक फेसात माणूस भासतो. म्हणून नजर सरसर फिरवायची नाही. थोडी थांबवायची, मग पुढे सरकवायची. काही दिसले तर बोट दाखवून भागत नाही. घड्याळाच्या आकड्यांनी सांगायचे : नाक बारावर, उजवा पंख तीनवर.

विमान वाटेल तसे भटकत नाही. अपघाताची जागा नक्की ठाऊक असेल तर तिच्याभोवती वाढत जाणारे चौकोन घेते. नसेल तर अंगण झाडावे तसे एकाशेजारी एक पट्टे काढते. होडी वाऱ्याने वाहते, पाण्यातला माणूस अधिक करून प्रवाहाने. त्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या कचेरीत मांडतात. कोणी सापडले, तरी आमचे विमान पाण्यावर उतरू शकत नाही. जागा कळवायची आणि नौका किंवा हेलिकॉप्टर येईपर्यंत वर घिरट्या घालायच्या. खालच्या माणसाला तेवढाही आधार फार वाटतो.

बहुतेक वेळा मात्र काहीच सापडत नाही. एकदा मासेमारीला गेलेले दोघे संध्याकाळी परतले नाहीत. कोणत्या बाजूला गेले, हे घरी कोणालाच ठाऊक नव्हते. बायको एवढेच सांगू शकली की बरोबर जेवणाचे डबे दोन वेळचे होते. त्या डब्यांवरून, ते लांब गेले असावेत असा अंदाज बांधला. दुसऱ्या सकाळी आम्ही इंधन पुरेल तोवर पाहिले आणि रित्या हातांनी परतलो. मला वाईट वाटले, तेव्हा आमचा वैमानिक म्हणाला, “इतके पाणी आता दुसऱ्यांना धुंडाळायला नको.” आमचा पट्टा नकाशावर खोडला गेला म्हणून पुढचे विमान आणखी दूर गेले, आणि दुपारी होडी दिसली. इंजिन बंद, दोघेही उन्हाने भाजलेले, पण जिवंत.

तेव्हापासून तिकडे ओळखीच्या बायकांना मी एकच विचारते : घरातला माणूस समुद्रावर जाताना कुठे जातो, होडीत किती जण, परतायची वेळ कोणती, हे लिहून ठेवता का? आपल्याकडेही भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. तो फिरवला की पलीकडून हेच प्रश्न येतील. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी होड्या आहेत. फळ्यावर तो आकडा मी मघाशीच लिहून ठेवला आहे. चहाला उठण्यापूर्वी उतरवून घ्या.