हळदीचा रंग आणि आपली समजूत
(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



आज हळदीकुंकू आहे, म्हणून हळदीविषयीच चार शब्द बोलावे म्हणते. जी वस्तू आपण रोज हाताळतो ती आपल्याला पुरती ठाऊक आहे, असे आपण धरून चालतो. आणि फसवणारा नेमका तेथेच फसवतो.

पातळावर आमटी सांडली की आपण साबण लावतो आणि पिवळा डाग लालभडक होतो. त्याचे कोणाला भय वाटत नाही. साबण, सोडा, चुना अशा क्षाराशी गाठ पडली की हळद लाल होते. लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. याच गुणावर जुन्या बायका घरी कुंकू करीत. ओवाळून टाकायचे लाल पाणीही हळद-चुन्याचेच.

पण हाच रंग मांत्रिकाच्या हाती गेला म्हणजे काय होते पाहा. घरात मूल तापाने फणफणलेले असते. तो हळद लावलेल्या फडक्यावर ‘मंतरलेले’ पाणी शिंपडतो आणि रक्तासारखे डाग उमटतात. पाणी असते चुन्याची निवळी! मग ‘करणी झाली’ म्हणून तो शेजारच्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवतो. पैसा जातो तो जातोच. पण मुलाचे औषध लांबते आणि एका निरपराध बाईला गावात तोंड दाखवणे कठीण होते. डाग पाहून ज्या बायका घाबरतात, त्यांनीच सकाळी तसला डाग मोरीवर धुतलेला असतो!

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि अशा चमत्कारांमागची युक्ती गावोगाव उघड करून दाखवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणे हा आता गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरी फसगत बाजारातली. जितकी पिवळीधमक तितकी हळद अस्सल, ही आपली समजूत. व्यापाऱ्याला ती ठाऊक असते. म्हणून कोणी हळकुंडांना शिशाचा पिवळा रंग चोळतो, कोणी पुडीत मेटॅनिल यलो मिसळतो. शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. बांगलादेशात २०१९ मध्ये असा रंग सर्रास सापडला. सरकारने तपासणी व दंड सुरू केला, तेव्हा दोन वर्षांत तो बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला.

परीक्षा सोपी आहे. कळंबच्या बाजारातून हळकुंडे आणली की एक पाण्यात टाका. लगेच रंग सुटला तर ते परत करा. पूड असेल तर चमचाभर पेलाभर पाण्यात टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते, वरचे पाणी फिके पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर संशय घ्यावा.

भगिनींनो, श्रद्धा सोडा असे मी म्हणत नाही. कपाळीचे कुंकू खुशाल लावा. एवढेच करा, की कोणी लाल डाग दाखवून शेजारणीचे नाव घेऊ लागला, तर स्वयंपाकघरातून हळद आणि पानाच्या डब्यातला चुना घेऊन पुढे व्हा आणि चार माणसांदेखत तसाच डाग पाडून दाखवा.