डब्यावरचा रंग वाचा, मगच झाकण उघडा

(प्रभागसंघाच्या खरीपपूर्व बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या मैत्रिणी बैठकीला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी बोलल्याप्रमाणे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर परतफेड आहे, बँक जोडणी आहे आणि तिसऱ्या नंबरला लिहिलंय, ‘कामाच्या ठिकाणी धोकादायक पदार्थ’. ते वाचून दोघी-तिघींनी मला आत्ता विचारलं, “ताई, हे तर कारखान्यातल्या लोकांचं. आपण कुठे कारखान्यात जातो?”

मग सांगा, आपण काम कुठे करतो? वावरात. निंदण, खुरपण, वेचणी, सगळं तिथेच. फवारणीला पाणी कोण वाहतं? आपण. ड्रममध्ये औषध कालवायला काडी कोण फिरवतं? बऱ्याच घरांत आपणच. फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे कोण धुतं? तेही आपणच. कारखान्यातल्या कामगाराला निदान माहीत असतं की आपण धोक्याच्या जागी काम करतो. आपल्याला तेवढंही कोणी सांगत नाही. म्हणून हा विषय आपला आहे.

औषध म्हणतो, पण ते विष आहे

पहिली अडचण आपल्या बोलण्यातच आहे. आपण म्हणतो, “कपाशीला औषध मारायचंय.” औषध म्हटलं की मनात भीती राहत नाही. तापाची गोळी ठेवतो तसं ते फळीवर ठेवतो. म्हणायला औषध म्हणा, इतक्या वर्षांची सवय जाणार नाही. पण डब्यावर कंपनीला काय छापावं लागतं, ते एकदा डोळ्यांनी बघा.

आपल्या देशात १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे आणि १९७१ चे नियम आहेत. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर, पुडीवर लेबल पाहिजे आणि सोबत माहितीपत्रक पाहिजे. ते हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत छापलेलं असावं लागतं. म्हणजे मराठी आपल्या हक्काची आहे. अक्षर बारीक असतं हे खरं. पण त्या पत्रकात विषबाधेची लक्षणं, घ्यायची काळजी आणि उतारा असेल तर तो काय, हे लिहिलेलं असतं. आणि आपण काय करतो? डबा उघडला की तो कागद पहिल्यांदा धुऱ्यावर फेकतो.

चार रंग

ज्या मैत्रिणींना वाचता येत नाही, त्यांनी मागे राहायचं कारण नाही. लेबलवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, पतंगासारखा. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात चिन्ह किंवा इशाऱ्याचा शब्द असतो आणि खालच्या अर्ध्या भागात रंग.

लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल. त्यावर कवटी आणि हाडांचं चित्र असतं. पिवळा रंग त्याच्या खालोखाल, तरीही फार विषारी. निळा मध्यम विषारी. हिरवा सर्वांत कमी विषारी.

ही विभागणी प्राण्यांवरच्या चाचणीतून ठरते. शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेनेच ज्याने जीव जाऊ शकतो, ते लाल. ५१ ते ५०० पर्यंत पिवळा, ५०१ ते ५००० पर्यंत निळा आणि त्याच्या वर हिरवा. आकडे विसरलात तरी चालेल. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम मात्र पाठ करा आणि पोरांनाही शिकवा.

आता दोन गैरसमज. गावोगाव मला ऐकायला मिळतं की हिरवा रंग म्हणजे सेंद्रिय, किंवा हिरवा रंग म्हणजे पिकाला चांगलं. नाही. हिरव्या रंगाचंही विषच आहे, फक्त कमी जहाल. दुसरं, कोणी म्हणतं, लाल म्हणजे ‘पावरबाज’, कीड लवकर मरते. तो रंग किडीसाठी छापलेला नाही, माणसासाठी छापलेला आहे. आपल्याला किती धोका आहे, ते तो सांगतो.

बाटली बदलली की नाव हरवतं

आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. विषाला त्याच्या नावापासून वेगळं करू नका.

आपल्याकडे काय होतं? शेजारी म्हणतो, “थोडं दे गं, एका पंपापुरतं.” आपण ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून देतो. ती बाटली त्याच्या घरी जाते, ओसरीवर राहते. रंग दिसायला सरबतासारखा. उन्हातून आलेलं पोर पहिल्यांदा काय उचलेल? तुम्हीच सांगा. यात वाईट कोणीच वागलं नाही. शेजाऱ्याने मागितलं, आपण दिलं, पोराला तहान लागली. पण लेबल मागे राहिलं आणि जीव धोक्यात आला.

कृषी केंद्रातूनही सुटं, ओतून दिलेलं घेऊ नका. मूळ, सीलबंद डबाच घ्या. मुदत संपल्याची तारीख बघा आणि पक्कं बिल मागा. उधारीवर घेतलं तरी बिल मिळायला पाहिजे. पुढे काही घडलं तर कोणतं औषध, कधीचं, कोणाकडून, हे त्या कागदावरच असतं.

रिकाम्या डब्याचंही तेच. दिसायला मजबूत, झाकण घट्ट, फेकवत नाही. मग त्यात रॉकेल, पाणी, कधी बियाणं. पण कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं विष जात नाही. वापर झाला की डबा तीनदा पाण्याने विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच टाकायचं, मग डब्याला भोक पाडून तो निकामी करायचा आणि विहीर, नाला, घर यांपासून दूर पुरायचा. जाळायचा नाही, त्याचा धूरही विषारी असतो.

यवतमाळ आपण विसरलेलो नाही

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसं विषबाधेने दवाखान्यात गेली आणि वीसच्या आसपास दगावली. त्यांत मजूर होते, स्वतःच्या वावरात राबणारे शेतकरी होते. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. अनेकांनी दोन-तीन औषधं एकत्र कालवली होती. अंगावर साधे कपडे, तोंडाला जास्तीत जास्त रुमाल.

अनेक औषधं एकत्र केली की डॉक्टरांपुढेही प्रश्न पडतो. नक्की कोणतं विष गेलं? कारण सगळ्या विषांवर उपचार एक नसतो. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांच्या विषबाधेत ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात. पॅराक्वाट नावाचं तणनाशक आहे, त्यावर असा खास उताराच नाही. म्हणून दवाखान्यात जाताना माणसाबरोबर लेबल गेलंच पाहिजे. डबा नेता आला नाही तर मोबाईलवर लेबलचा फोटो घ्या. दोन सेकंदांचं काम आहे.

लक्षणं ओळखा. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ हे उन्हानेही होतं, म्हणून आपण “ऊन लागलं” म्हणून कांदा हुंगवतो आणि झोपवतो. पण त्याबरोबर तोंडातून लाळ गळणं, डोळ्यांतून पाणी, खूप घाम, डोळ्यांपुढे अंधुक, अंग थरथरणं, श्वास लागणं असं दिसलं, तर ते फवाऱ्याचं विष समजा. माणसाला वावरातून बाहेर मोकळ्या हवेत आणा. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन करा. सकाळपर्यंत वाट बघू नका.

मजुरीला जाताना

आता थोडं अवघड बोलते. आपल्यातल्या बऱ्याच जणी दुसऱ्याच्या वावरात जातात. काल तिथे काय मारलं, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आपण सकाळी ओल्या पानांतून निंदायला शिरतो, हातात मोजे नाहीत, दुपारी त्याच हातांनी भाकरी मोडतो, मध्ये खर्रा घोटतो. विष काही फक्त तोंडातून जात नाही, कातडीतूनही जातं.

म्हणून कामावर जाण्याआधी दोनच प्रश्न विचारा. “काय मारलं?” आणि “कधी मारलं?” फवारा पूर्ण वाळेपर्यंत वावरात जायचंच नाही, आणि लेबलवर त्याहून जास्त वेळ दिला असेल तर तेवढा थांबायचा.

मला माहीत आहे, एकटीने विचारलं तर मालक म्हणेल, “लई शहाणी झाली, उद्यापासून येऊ नको.” दिवसाची मजुरी कोणाला सोडवते? म्हणून एकटीने विचारू नका. टोळीतल्या सगळ्यांनी मिळून, आधीच, मजुरी ठरवतानाच विचारा. बचत आपण एकीने करायला शिकलो, कर्ज एकमेकींच्या जबाबदारीवर घेतो. मग हे दोन प्रश्न एकीने का नाही विचारायचे? आणि ज्यांचं स्वतःचं वावर आहे, त्या मैत्रिणींनी मजूर बायांना न विचारता सांगावं. त्याही आपल्याच गटातल्या आहेत.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने, आणि लेकरांनी, फवारणीच्या कामात अजिबात असू नये. औषध कालवताना लांब काडी, हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क आणि पाठ वाऱ्याकडे. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकायचं नाही. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, मोजे घालून, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे.

आपण स्वतः बनवतो तेव्हा

काही गट फिनाईल, भांड्यांचं लिक्विड, साबण बनवतात. तिथे आपण मजूर नाही, मालक आहोत. म्हणजे लेबल लावणं आपली जबाबदारी.

साबणाच्या कॉस्टिक सोड्याच्या पिशवीवर हातावर आणि धातूवर थेंब पडतानाचं चित्र असतं. त्याचा अर्थ, कातडी जाळतं. सोडा हळूहळू पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. ते एकदम उकळून अंगावर उडतं. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरायचं नाही. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत जीव घाबरतो.

आणि आपला माल पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून, नाव न लावता विकायचा नाही. बाटलीवर आत काय आहे, बनवल्याची तारीख, गटाचं नाव, “पिण्यासाठी नाही, मुलांपासून दूर ठेवा” एवढं ठळक मराठीत पाहिजेच. कंपनीकडे आपण लेबल मागतो, मग आपल्या गिऱ्हाइकालाही ते दिलं पाहिजे.

ग्रामसंघात ठराव

पुढच्या बैठकीत प्रत्येक ग्रामसंघाने हे पाच ठराव चर्चेला घ्यावेत, पटले तर रजिस्टरला लिहावेत:

१. कोणीही विषारी औषध दुसऱ्या बाटलीत ओतून देणार नाही, घेणार नाही.
२. प्रत्येक घरात औषधासाठी कुलूपबंद पेटी, स्वयंपाकघर आणि धान्यापासून दूर.
३. रिकामे डबे घरात वापरायचे नाहीत.
४. मजुरी ठरवतानाच “काय मारलं, कधी मारलं” हे टोळीने विचारायचं.
५. गटाच्या प्रत्येक मालावर मराठी लेबल.

रबरी मोजे आणि मास्क ग्रामसंघाने एकत्र घेतले तर स्वस्त पडतील, त्याचाही विचार करा. आणि येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या औषधाच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून आणा. डबा आणू नका, फक्त फोटो. कृषी सखी आणि मी मिळून एकेक लेबल सगळ्यांसमोर वाचू. कोणाच्या घरात लाल किती, पिवळा किती, ते आपणच मोजू. पेरणीआधी हे झालं पाहिजे, कारण एकदा फवारणी सुरू झाली की कोणालाच बसायला वेळ नसतो.