चित्र उघडत नाही म्हणजे हिशोब गेला असं नाही

 

आज मी कॉम्प्युटरवर बोलणार आहे. ‘आम्हाला काय करायचं त्याचं’ म्हणून रेडिओ बंद करू नका. आपल्या गटाचा हिशोब, कर्जाचा प्रस्ताव, सभासदांची यादी, सगळं आता त्याच डब्यात जाऊन बसलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. रोवणीचे दिवस होते. आमच्या भागातल्या एका ग्रामसंघाचा कर्जाचा प्रस्ताव बँकेत द्यायचा होता. हिशोब लिहिणाऱ्या ताईने पडद्यावरचं फोल्डर पेनड्राइव्हमध्ये टाकलं. पेनड्राइव्हमध्ये तेच चित्र, तेच नाव दिसलं. ती निश्चिंत झाली. बँकेत साहेबांनी पेनड्राइव्ह लावला, तर ते चित्र काही उघडेना. साहेब म्हणाले, ‘यात काही नाही, पुढच्या आठवड्यात या.’

गावात परत आल्यावर बायांनी तिला घेरलं. ‘काहून उघडत नाही वो? हिशोब दाखवायचा नसेल म्हणूनच ना?’ ती बिचारी रडायला लागली. त्या आठ दिवसांत दोघींनी रोवणीची मजुरी द्यायला व्याजाने पैसे काढले. आणि हिशोब कुठे होता? ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरमध्येच, जसाच्या तसा.

मग झालं काय होतं? पडद्यावरच्या ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो, त्याला शॉर्टकट म्हणतात. तो म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. घर दुसरीकडे असतं. ताईने चिठ्ठी नेली, घर गावातच राहिलं. बँकेच्या कॉम्प्युटरला त्या पत्त्यावर काही सापडलं नाही. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: बाण असलेलं चित्र पेनड्राइव्हमध्ये टाकू नका. त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. खरी फाइल दिसेल. ती कॉपी करा.

आता चित्र उघडत नसेल तर काय बघायचं, ते एकेक करून सांगते.

सगळीच चित्रं गप्प झाली असतील तर आधी दोन मिनिटं थांबा. आपले कॉम्प्युटर जुने असतात. आपण दहा वेळा क्लिक केलं तर त्याच्यावर दहा कामं चढतात. मग माउस तपासा. कीबोर्डवरच्या बाणांनी चित्र निवडून एंटर दाबा. उघडलं तर दोष माउसचा आहे. तरीही नाही उघडलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादी छोटी दिसली तर ‘मोअर डिटेल्स’ दाबा. त्यात ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करा. क्षणभर सगळी चित्रं गायब होतील. घाबरू नका, ती परत येतात. पण आधी अर्धवट राहिलेलं काम सेव्ह करा.

एकच चित्र पांढरं, कोऱ्या कागदासारखं झालं आणि त्याला बाण असेल, तर बहुतेक वेळा चिठ्ठीवरचा पत्ता चुकलेला असतो. कोणीतरी फोल्डर हलवलं असेल किंवा प्रोग्राम काढला असेल. विंडोजचं बटण दाबून फाइलचं नाव टाइप करा आणि शोधा.

चित्राजवळ ढगाची खूण असेल, तर ती फाइल इंटरनेटवर ठेवलेली आहे. नेट नसलं की ती उघडत नाही. नेट असेल तेव्हा राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडून ठेवा. मग नेट गेलं तरी काम अडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेनड्राइव्ह लावला आणि आतल्या सगळ्या फोल्डरना अचानक बाण लागलेले दिसले, तर तो व्हायरस समजा. तो खरी फोल्डरं लपवतो आणि त्याच नावाच्या खोट्या चिठ्ठ्या ठेवतो. चिठ्ठीवर क्लिक केलं की तो आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. म्हणून डबल क्लिक करू नका आणि पेनड्राइव्ह फॉरमॅटही करू नका. फॉरमॅट केलं तर लपलेली खरी फाइलही जाते. आधी अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासा. विंडोज १० आणि ११ मध्ये तो आधीपासून असतो. मग ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ला खूण करा. पुष्कळदा फोल्डरं फिकट रंगात दिसू लागतात. तरी दिसली नाहीत तर जाणकाराला दाखवा, पण ‘फॉरमॅट करू नका’ हे त्याला आधीच बजावून सांगा.

हा व्हायरस बहुतेक दहा हातांतून फिरणाऱ्या पेनड्राइव्हमधून येतो. झेरॉक्सच्या दुकानात नेलेला पेनड्राइव्ह परत आला की आधी तपासा. आपल्या क्विक हील या अँटिव्हायरसची सुरुवात पुण्यात झाली. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम करत होते. त्यांचे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला. त्यांनीही शिकत शिकतच केलं. आपणही शिकू शकतो.

शेवटची खूण. आपण कधी न टाकलेलं चित्र पडद्यावर दिसलं, किंवा फोनवर ‘बँकेतून बोलतो’ म्हणत कोणी एखादं ॲप टाकायला लावलं, तर ते उघडू नका. अशा ॲपमधून दूर बसलेला माणूस आपला पडदा बघू शकतो, माउसही चालवू शकतो. नेट लगेच बंद करा आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

त्या ग्रामसंघाने नंतर तीन नियम केले. बँकेत जाण्याआधी पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा. हिशोबाची एक छापील प्रत कपाटात ठेवायची. आणि कॉम्प्युटर एकटीने नाही, दोघींनी शिकायचा. त्या ताईला बायांनी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर ‘आमचं चुकलं’ म्हटलं. हिशोब आजही तीच लिहिते.

तर ताईंनो, पुढच्या वेळी चित्र उघडलं नाही तर आधी बाण बघा, मग ढग बघा. लिहिणारीवर शंका घेण्याची घाई करू नका. येत्या बैठकीत हे तीन नियम ठरावात घ्या.