हक्क कोणाचा : व्यक्तीचा की जमातीचा?



उदारमतवाद हक्क व्यक्तीचे मानतो. धर्मसत्तेचा आक्षेप नेमका येथेच आहे. तिच्या लेखी माणूस आधी जमातीचा, मग राज्याचा नागरिक. इंदूरच्या शहाबानोला या वादाची किंमत मोजावी लागली.

१९७८ मध्ये उतारवयात तिला तलाक मिळाला. न्यायदंडाधिकाऱ्याने दरमहा २५ रुपये पोटगी ठरविली. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. एवढ्याशा रकमेने धर्म बुडत असल्याची हाकाटी झाली, आणि १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा करून धर्मपुढाऱ्यांपुढे मान तुकविली. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येतील कुलूपही उघडले. दोन्हीकडचे धर्मवादी पोसले गेले. पोटगी मागणारी स्त्री मात्र विसरली गेली.

२००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ लावून घटस्फोटितेला भावी आयुष्यासाठी रास्त तरतुदीचा हक्क दिला. परंतु न्यायालये समाज घडवीत नाहीत. हमीद दलवाई यांनी १९६६ साली मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. मतांच्या हिशेबात गुंतलेले कितीजण त्यांच्या पाठीशी उभे राहिले?

श्रद्धेचे स्वातंत्र्यही व्यक्तीचेच आहे. त्याचा मक्ता पुढाऱ्यांकडे नाही. जमातीच्या वतीने कोण बोलतो, हे विचारण्यापूर्वी तिच्यातील सर्वांत दुबळ्याचे म्हणणे ऐकणे, हे समाजवाद्यांचे पहिले कर्तव्य होय.