पोटॅशियमचा तोतया

सातपुड्याच्या पायथ्याचें फैजपूर बहुतेकांस १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळें ठाऊक असतें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. व्यापाऱ्यांस मात्र तें केळीच्या बागांमुळें ठाऊक. या केळ्यांत पोटॅशियम हें मूलद्रव्य विपुल. मध्यम आकाराच्या एका केळ्यांत सुमारें ४०० मिलिग्रॅम. प्रौढ मनुष्याच्या देहांत तें १०० ग्रॅमहून अधिक असून बहुतेक सर्व पेशींच्या आंत असतें. मज्जातंतूंचे संदेश व हृदयाचे ठोके त्यावांचून चालत नाहींत. म्हणून पेशींच्या वेशीवर त्यास आंत घेण्याची व्यवस्था अहोरात्र चालू असते.

घात होतो तो याच वेशींतून. १८६१ सालीं क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञास सांपडलेलें थॅलियम शिशासारखें मऊ व जड. परंतु त्याचा विद्युद्भारित कण आकारानें व भारानें पोटॅशियमच्या कणाशीं इतका जुळतो कीं, पेशी त्यास निःशंकपणें आंत घेते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून आलेल्या तोतयास भलेभले फसले, तशांतलाच हा प्रकार! एकदां आंत शिरल्यावर मात्र सोंग टिकत नाहीं. थॅलियम गंधकयुक्त प्रथिनांस घट्ट चिकटतें आणि पेशींतील शक्तिनिर्मिति थंडावते. तळव्यांची आग होते, अंगास मुंग्या येतात, दोनतीन आठवड्यांनीं केस गळूं लागतात. तोंवर संशय येणेंही कठीण. कारण त्याच्या क्षारांस ना वास, ना चव. उंदरांचें विष म्हणून तें एके काळीं सर्रास विकलें जाई.

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत गडचिरोली जिल्ह्यांतील महागाव येथें एकाच कुटुंबांतील पांच जण थोड्याथोड्या दिवसांच्या अंतरानें दगावले. अन्नपाण्यांतून थॅलियम दिल्याचा आरोप पोलिसांनीं नात्यांतल्याच माणसांवर ठेवला.

इतर विषारी मूलद्रव्यांतही असे तोतये आहेत. शेंदरांतील शिसें हाडांत कॅल्शियमची जागा बळकावतें. सोमलाचें एक रूप फॉस्फरसच्या जागीं जाऊन बसतें.

थॅलियमवरील उतारा म्हणजे चित्रकारांचा एक जुना निळा रंग, प्रशियन ब्लू. देहांत शिरलेलें थॅलियम पुनःपुन्हा आंतड्यांत उतरतें व तेथून परत रक्तांत शोषलें जातें. पोटांत घेतलेला हा रंग त्यास वाटेंतच धरून ठेवतो व मलावाटे बाहेर नेतो. मज्जातंतूंची जी हानि आधींच झाली, ती मात्र त्यानें भरून येत नाहीं. म्हणून निदान जितक्या लवकर होईल तितकी रोग्याची आशा अधिक.