अडीच हजारांपायी अडलेलं घर

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला आज घराच्या कर्जावर बोलायला सांगितलंय. मी बँकेतला साहेब नाही. औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब लिहितो, महिन्याला पंचवीस हजार मिळतात. पण माझा अर्ज एकदा नाकारला गेला आणि पुढे मंजूरही झाला. मधल्या दीड वर्षात जे शिकलो, तेवढंच सांगतो.

२०१९ मध्ये माझ्या खालाच्या मुलाला मोबाइल हवा होता. त्याच्याकडे पगाराची पावती नव्हती, म्हणून हप्त्यावरचा फोन मी माझ्या नावावर घेतला. सहा-सात हप्ते त्याने भरले. मग लॉकडाऊन आला, त्याचं काम गेलं, हप्ते थांबले. वसुलीचे फोन मला यायला लागले. बाकी साडेसहा हजार होती. कंपनी म्हणाली, "चार हजार द्या, सेटलमेंट करून टाकू." मी खुशीने दिले. विषय संपला असं वाटलं.

२०२२ मध्ये आम्ही एक वन रूम किचन पाहिलं. किंमत बारा लाख. अम्मीने भिशीचे पैसे काढले, बिल्डरला पन्नास हजार टोकन दिलं आणि मग मी बँकेत गेलो. अर्ज नामंजूर! माझ्या अहवालात त्या फोनच्या कर्जापुढे 'सेटल्ड' असा शेरा होता. म्हणजे, या माणसाने कर्ज पूर्ण फेडलेलं नाही, तडजोड केली आहे. अडीच हजार रुपयांपायी घर गेलं. बिल्डरने टोकनातले वीस हजार कापून घेतले. अम्मी काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

म्हणून पहिली गोष्ट: घर बघण्याआधी आपला अहवाल बघा. आपण ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो, तशा चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात, ७५० च्या वर असले की चांगले मानतात. पण नुसता आकडा पाहून थांबू नका. आत कोणती कर्जं तुमच्या नावावर दिसतात, कोणता हप्ता किती दिवस उशिरा गेला, तुम्ही कुणाला जामीन आहात का, हे ओळ न् ओळ वाचा.

जामिनाचं विशेष सांगतो. आपल्याकडे दोस्तीखातर सही करतात. 'नुसती सही तर आहे' म्हणतात. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने थकवलं तर डाग तुमच्याही नावावर येतो.

अहवालात चूक असेल, फेडलेलं कर्ज बाकी दिसत असेल, तर त्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण नोंद खरी असेल, तर ती कुणीही पुसू शकत नाही. 'पाच हजारांत सिबिल साफ' म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

खऱ्या डागावर इलाज एकच: फेडणं आणि वेळ देणं. मी त्या कंपनीकडे परत गेलो, राहिलेले अडीच हजार भरले, बाकी नसल्याचा लेखी दाखला घेतला आणि 'सेटल्ड'च्या जागी 'क्लोज्ड' अशी नोंद करून घेतली. मग पंधरा हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. महिन्याला दोन-तीन हजारांचा किराणा त्यावर घ्यायचो आणि बिल तारखेआधी पूर्ण भरायचो. या काळात दुसरीकडे कुठेही अर्ज केला नाही, कारण महिन्यात चार ठिकाणी अर्ज केले की आपण पैशाला अडलेले दिसतो.

आता कुणी विचारेल, "मी कधी कर्जच घेतलेलं नाही, माझं काय?" इतिहास नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्यांना, म्हणजे बँका आणि कंपन्यांना, सांगितलेलं आहे. तेव्हा घाबरू नका.

दुसरी गोष्ट, उत्पन्न. कर्ज देणारे साधारणपणे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बसवतात. पंचवीस हजारांत साडेबारा हजार. गाडीचा तीन हजारांचा हप्ता चालू असेल, तर उरले साडेनऊ. दहा लाखांचं वीस वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे ९ हजार. तेच १२ टक्क्यांनी घेतलं तर ११ हजार, म्हणजे मंजूरच होणार नाही. झालं तरी वीस वर्षांत सुमारे ४ लाख ८३ हजार जास्त जातात. खराब नोंदीची किंमत ही अशी असते. म्हणून आधी छोटे हप्ते संपवा. कमावती बायको, भाऊ किंवा अम्मी-अब्बा सहअर्जदार झाले, तर उत्पन्न एकत्र धरतात. गॅरेज, शिलाई, हातगाडी असं काम असेल, तर रोजची कमाई बँकेत जमा करा आणि उद्यम नोंदणी करून ठेवा. घरातल्या डब्यातला पैसा कागदावर दिसत नाही.

तिसरी, हातातली रक्कम. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज मिळत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात अनुदान आहे. त्यासाठी कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असावं. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. आणि आपल्या मोहल्ल्यात नोटरी केलेल्या कागदावर घरं विकली जातात, त्यावर बँक कर्ज देत नाही. नोंदणीकृत खरेदीखत पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

व्याजाचा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात असणार. आपल्याकडे बिनव्याजी बँक नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये तशी शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. कर्ज घ्यायचं की नाही, हे ज्याने-त्याने आपल्या मनाला विचारून ठरवावं. मी फक्त हिशेब सांगतो. बँक नको म्हणून काही जण खासगी सावकाराकडे शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलतात. तो वर्षाला ३६ टक्के होतो.

आणि भेदभाव? तो नाही असं मी म्हणणार नाही. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग 'नकारात्मक' किंवा 'लाल' ठरवले होते, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंदलेलं आहे. म्हणूनच नकार आला की कारण लेखी मागा. कारण नोंदीचं असेल तर ते आपल्या हातात आहे. वस्तीचं किंवा नावाचं असेल तर आधी त्या संस्थेकडे तक्रार करा, मग बँक असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे जा. पण स्वतःचा अहवाल न वाचताच 'आपल्याला देतच नाहीत' म्हणून घरी बसू नका. माझ्या बाबतीत मीही तसंच म्हणालो होतो. कारण मात्र एक मोबाइल होता.

सोळा महिन्यांनी माझं कर्ज मंजूर झालं. तोवर तेच घर साडेतेरा लाखांचं झालं होतं. आम्ही ते घेतलं. गेल्या महिन्यात खालाचा मुलगा आला होता. म्हणाला, "भाई, बाइक घ्यायचीय, तुझ्या नावावर..." मी त्याला चहा दिला, फोन हातात घेतला आणि म्हटलं, "बस. आधी तुझा अहवाल काढू."

तुम्हीही आज घरी गेल्यावर तेवढंच करा.